माणसाने घडवलेली जमीन : सांस्कृतिक भूगोलाचे अध्यापन आणि संशोधन

माणसाने आपल्या राहणीतून, श्रद्धेतून, भाषेतून आणि कष्टातून जमिनीला जे रूप दिले, त्याचा अभ्यास म्हणजे सांस्कृतिक भूगोल. घरांची छपरे, शेतांचे बांध, देवळांच्या जागा, आठवडे बाजाराचे वार, गावांची नावे, बोलींच्या सीमा, पाणवठे, पायवाटा हे सगळे या विषयाचे साहित्य. कोकणात पाऊस धो धो का पडतो आणि माणदेश कोरडा का राहतो, हे प्राकृतिक भूगोल सांगतो. सांस्कृतिक भूगोलाचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. त्याच पावसात आणि त्याच मातीत राहणाऱ्या दोन समाजांची घरे, पिके आणि देव वेगळे का? त्यांच्या राहण्यामुळे ती जमीन कशी बदलत गेली? आणि त्या बदलात कोणाचे हात राबले, कोणाचे नाव राहिले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नांची उत्तरे फार सोपी करून दिली जात. जर्मन भूगोलवेत्ता फ्रीडरिक रॅट्झेल याने 1882 मध्ये मानवी भूगोलावरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. त्याची अमेरिकन विद्यार्थिनी एलेन चर्चिल सेंपल हिने 1911 च्या पुस्तकात त्याचे विचार आणखी ठाशीव केले. डोंगरातली माणसे अशी, वाळवंटातली तशी, हवामान माणसाचा स्वभाव ठरवते, असा तो निसर्गवाद होता. वर्गात शिकवायला तो सोयीचा होता आणि वसाहतींवर राज्य करणाऱ्यांनाही. फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश याने त्याला उत्तर दिले. निसर्ग काही शक्यता पुढे ठेवतो, त्यांतली कोणती उचलायची हे त्या त्या समाजाची जीवनपद्धती ठरवते, असे त्याचे म्हणणे. जर्मनीत ओटो श्ल्यूटर याने माणसाने घडवलेल्या भूदृश्याला भूगोलाच्या केंद्रस्थानी आणले.

या विचारांना विद्यापीठातल्या एका सबंध परंपरेचे रूप दिले ते कार्ल सॉअर याने. मिसूरी राज्यातल्या वॉरेंटन या छोट्या गावी 1889 मध्ये जन्मलेला सॉअर 1923 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या भूगोल विभागात आला आणि 1957 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. 1925 च्या त्याच्या निबंधाने निसर्गवादाला मोठा धक्का दिला. नैसर्गिक भूदृश्य ही कच्ची सामग्री, संस्कृती हा कर्ता आणि सांस्कृतिक भूदृश्य हे त्यातून निघालेले रूप, अशी त्याची मांडणी होती. शेजारच्या मानववंशशास्त्र विभागातले आल्फ्रेड क्रोबर आणि रॉबर्ट लोवी यांच्याशी त्याचे जवळचे संबंध होते. भूगोल, इतिहास, पुरातत्त्व आणि वनस्पतीशास्त्र यांच्यामधल्या भिंती त्याने फारशा मानल्या नाहीत.

सॉअरच्या अध्यापनाची पद्धत त्याच्या सिद्धान्ताइतकीच महत्त्वाची आहे. तो विद्यार्थ्यांना घेऊन मेक्सिकोत जाई. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, बियाणे कुठून आले हे विचारायचे, पडक्या भिंतींची मापे घ्यायची आणि मग दफ्तरखान्यात बसून स्पॅनिश काळातली कागदपत्रे वाचायची, असा तो अभ्यास चाले. हळू चालावे, वारंवार थांबावे, दिसलेल्या गोष्टीबद्दल तिथल्या तिथे वाद घालावा, असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्याच्या आकडेवारीवर नुसते तक्ते रचणारा भूगोलतज्ज्ञ त्याला अपुरा वाटे.

अशा अभ्यासाचा व्यवहारात काय उपयोग, असे विद्यार्थी आजही विचारतात. त्याला 1941 ची एक घटना हे चांगले उत्तर आहे. मेक्सिकोची शेती सुधारण्याचा कार्यक्रम आखण्यापूर्वी अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानने सॉअरचे मत मागवले. तिथल्या शेतकऱ्यांनी जपलेल्या मक्याच्या आणि घेवड्याच्या असंख्य वाणांकडे त्याने लक्ष वेधले. अमेरिकेतली मोजकी व्यापारी वाणे तिथे लादली, तर स्थानिक बियाणे आणि त्यावर उभे असलेले लोकजीवन दोन्ही मोडतील, असा इशारा त्याने दिला. कार्यक्रम 1943 मध्ये सुरू झाला. त्यातून पुढे नॉर्मन बोरलॉगचा गहू आणि हरितक्रांती आली, धान्याचे उत्पादन वाढले. मात्र देशी वाणांबद्दलची सॉअरची चिंता आज बियाणे बँका चालवणाऱ्या शेतकऱ्यांची आणि शास्त्रज्ञांची रोजची चिंता झाली आहे. शेताकडे पिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिल्यामुळेच ती त्याला इतक्या आधी जाणवली.

सॉअरच्या विद्यार्थ्यांनी ही नजर वेगवेगळ्या वस्तूंकडे वळवली. फ्रेड निफेन याने लुइझियानातल्या साध्या घरांचे प्रकार नोंदवून 1936 मध्ये त्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. घराचा आकार, ओसरी आणि चुलीची जागा यांवरून माणसे कुठून कुठे सरकली हे कळते, असे त्याने दाखवले. याच विद्यापीठातून 1957 मध्ये डॉक्टरेट घेतलेला यी-फू तुआन वेगळ्या वाटेने गेला. मोकळी जागा आणि आपली जागा यांत काय फरक, माणसाचा जीव एखाद्या ठिकाणी का गुंततो, हे प्रश्न त्याने 1974 आणि 1977 च्या दोन पुस्तकांत भूगोलाच्या कक्षेत आणले. दरम्यानच्या काळात भूगोलात संख्याशास्त्राची लाट आली होती. जे मोजता येते तेच शास्त्र, असे मानणाऱ्यांना देव, घर आणि आठवण हे विषय गौण वाटत होते.

सॉअरच्या परंपरेतही एक उणीव होती आणि ती पुढच्या पिढीने दाखवली. जेम्स डंकन याने 1980 च्या लेखात विचारले की संस्कृती हा कर्ता म्हणजे नेमके कोण? संस्कृती माणसांच्या डोक्यावर बसून आपोआप काम करत नाही. तिच्यात मालक आणि मजूर असतात, पुरुष आणि स्त्रिया असतात, हुकूम देणारे आणि पाळणारे असतात. ब्रिटनमध्ये डेनिस कॉसग्रोव्हने 1984 मध्ये आणि पीटर जॅक्सनने 1989 मध्ये याच दिशेने पुस्तके लिहिली. सुंदर भूदृश्य हा अनेकदा जमीनदाराच्या नजरेने पाहिलेला देखावा असतो, हे कॉसग्रोव्हने युरोपीय चित्रकलेच्या आधारे सांगितले. जिलियन रोझने 1993 मध्ये भूगोलाच्या पुरुषी नजरेवर बोट ठेवले. डॉन मिचेलने 1996 च्या पुस्तकात कॅलिफोर्नियाच्या हिरव्यागार शेतमळ्यांमागे स्थलांतरित मजुरांचे दडपलेले जिणे कसे आहे, ते मांडले.

ही दृष्टी महाराष्ट्रात किती उपयोगी आहे, हे उसाच्या पट्ट्यात उभे राहिले की कळते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा राहिला, त्यानंतर कालवे, बागायत, कारखान्याच्या वसाहती, शिक्षणसंस्था आणि पतपेढ्या असे एक संपूर्ण भूदृश्य तयार झाले. पाठ्यपुस्तकात त्याचे वर्णन पाणी, जमीन, भांडवल आणि सहकार या शब्दांत येते. पण दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या कोरड्या भागांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, नवरा-बायको मिळून धरला जाणारा एक कोयता, मुकादमाची उचल, फडाशेजारच्या कोप्या (झोपड्या), शाळा सुटलेली मुले यांच्याशिवाय तो हिरवा पट्टा उभाच राहत नाही. कारखान्याच्या परिसराचा नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्याने कोप्यांची जागा दाखवली नाही, तर त्याचा नकाशा अर्धवटच म्हणावा लागेल.

पाण्याचेही तसेच. महाडचे चवदार तळे नकाशावर एक निळा ठिपका आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे सर्वांचे झाले, पण अस्पृश्यांना तिथे पाऊल टाकण्याची सोय नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी तिथले पाणी घेतले. नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एखादी जागा कोणाची, हे कायदा, रूढी आणि प्रत्यक्ष वावर अशा तीन पातळ्यांवर ठरते. हे शिकवायला जगातल्या कोणत्याही विद्यापीठाला यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. गावठाणाची रचना, वेस, गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळी विहीर, वेगळे स्मशान हे सगळे याच अभ्यासात येते. जातिवाचक नावे असलेल्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, म्हणजे नकाशावरचे नाव ही केवळ खूण नसते हे शासनालाही मान्य करावे लागले.

भारतात भूगोलाचा पहिला विद्यापीठीय विभाग अलीगढला 1924 मध्ये सुरू झाला असे मानले जाते. स्वातंत्र्यानंतर नियोजन, शेती, लोकसंख्या आणि प्रादेशिक विकास हे विषय पुढे आले, आणि ते स्वाभाविक होते. सांस्कृतिक भूगोलाला मात्र कोपऱ्यातली जागा मिळाली. आजही प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेत सांस्कृतिक, सामाजिक आणि राजकीय भूगोल मिळून एकच घटक आहे. तरीही चांगले काम झाले. डेव्हिड सोफर यांनी 1967 मध्ये धर्मांच्या भूगोलावर पुस्तक लिहिले. सुरिंदर भारद्वाज यांनी यात्रेकरूंच्या मुलाखती घेऊन 1973 मध्ये हिंदू तीर्थक्षेत्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दूरच्या, देशभर मान्य असलेल्या क्षेत्री माणसे बहुधा पुण्यासाठी जातात आणि जवळच्या देवाकडे आजार, मूलबाळ, गुरेढोरे अशा नेमक्या गाऱ्हाण्यांसाठी जातात, असा त्यांच्या निष्कर्षांचा सूर आहे. काशी, पंढरपूर आणि वेशीवरचा म्हसोबा अशा तीन ठिकाणी एकाच घरातली माणसे का जातात, हे त्यातून उलगडते.

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक भूगोलाचे सर्वांत समृद्ध लेखन मात्र भूगोल विभागांच्या बाहेर झाले, ही ठळकपणे सांगण्यासारखी गोष्ट आहे. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या. पंढरीच्या वारीत त्या स्वतः चालल्या. एकाच वाटेवर, एकाच नामघोषात चालणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हे त्यांनी आपल्या लेखात नोंदवले. त्या लेखाचे इंग्रजी रूप 1962 मध्ये परदेशी संशोधकांपर्यंत पोचले. हेमलता आचार्य यांच्यासह त्यांनी आठवडे बाजारांचा केलेला अभ्यास 1970 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. पुण्याच्या आसपासचे डोंगर त्यांनी पायी धुंडाळले आणि आदिमानवाची बारीक दगडी हत्यारे जिथे सापडतात, त्या वाटांवरच ग्रामीण देवींची ठाणी, व्यापारी मार्ग आणि लेणी कशी येतात, याची मांडणी त्यांनी 1962 च्या पुस्तकात केली. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर फिरले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचे भूगोलाशी नाते चराऊ रानांतून आणि मेंढ्यांच्या वाटांतून जुळते, हे त्यांनी 1976 च्या ग्रंथात दाखवले. ॲन फेल्डहाउस यांनी नद्या, यात्रा आणि कावडी यांच्या आधारे प्रदेशाची जाणीव लोकांच्या मनात कशी तयार होते हे मांडले. चैत्रात कऱ्हा नदीचे पाणी घेऊन शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट चढणाऱ्या कावडी त्यांच्या 2003 च्या पुस्तकात आहेत. कऱ्हेकाठच्या सासवडचे पाणी शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या माथी पोचते तेव्हा दोन प्रदेश जोडले जातात, आणि हा जोड कोणत्याही प्रशासकीय नकाशावर नसतो.

गोव्यातही अशीच शिकवण आहे. फोंड्याच्या परिसरात मोठमोठ्या देवळांची जी दाटी दिसते, तिचे कारण माती किंवा पाण्यात सापडत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देस आणि साष्टी भागांत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नेल्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देव हलले पण मूळ गावांशी नाते तुटले नाही. कोकण किनाऱ्यावर पांगलेली कुळे आजही तिथे येतात. एका तालुक्यातल्या देवळांच्या यादीमागे राजसत्ता, स्थलांतर आणि कुळाची आठवण असा तिपेडी इतिहास आहे.

इतके साहित्य हाताशी असताना पदवीच्या वर्गात हा विषय अनेकदा व्याख्या, जगातले सांस्कृतिक प्रदेश, धर्मांची टक्केवारी आणि भाषाकुळांचे तक्ते यांत अडकतो. परीक्षेत गुण मिळतात, पण विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाकडे पाहण्याची नजर मिळत नाही. अभ्याससहलही पुष्कळदा धरण, किल्ला आणि समुद्रकिनारा अशी एका दिवसात उरकली जाते. अध्यापन बदलायचे तर सुरुवात जवळून करावी. आठवडे बाजार हा एका सत्राचा उत्तम अभ्यास आहे. विक्रेते कोणत्या गावाहून आले, कोणता माल कोणत्या ओळीत बसतो, बायका कुठे बसतात, सोमवारी इथे आलेला बांगडीवाला मंगळवारी कुठे जातो, हे विचारत गेले की दहा-पंधरा गावांचे एक जाळे कागदावर उतरते. सी. डी. देशपांडे यांनी 1941 मध्येच मुंबई-कर्नाटकातील बाजारगावे आणि जत्रांवर लेख लिहिला होता. त्यामुळे त्या भागात आज तुलनाही करता येते.

शब्दांचा नकाशा हा दुसरा अभ्यास. एकाच वस्तूला चार तालुक्यांत काय म्हणतात, हे विचारून ठिपके मांडायचे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे प्रतिमांकित सर्वेक्षण हाती घेतले आहे. कोणता शब्द कोणत्या जिल्ह्यापर्यंत पोचतो, हे त्यात नकाशांवर दाखवलेले आहे. देवराया हा तिसरा विषय. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिले, तेव्हापासून वनस्पतीतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. पण राईची हद्द कोण सांगतो, लाकूड कोणत्या कामाला चालते, देवाचा कौल कोण घेतो, हे प्रश्न सांस्कृतिक भूगोलाचे आहेत.

पुढच्या टप्प्यावर, म्हणजे एम.ए.च्या लघुप्रबंधात किंवा पीएच.डी.त, साधनांची सांगड घालावी लागते. सर्वेक्षण खात्याचे स्थलदर्शक नकाशे, गावनकाशा, सातबारा, जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर्स, 1961 च्या जनगणनेबरोबर निघालेला महाराष्ट्रातील जत्रा-उत्सवांचा खंड ही सगळी साधने मिळू शकतात. त्यांना जीआयएसची (भौगोलिक माहिती प्रणालीची) जोड देता येते आणि उपग्रहाच्या चित्रांचीही. मात्र संगणकाने काढलेला देखणा नकाशा म्हणजे निष्कर्ष नव्हे. एखाद्या तीर्थक्षेत्राचा प्रबंध लॉजची संख्या, वाहनतळ आणि अंतरे यांवर थांबला, तर तो पर्यटन खात्याच्या कामाचा झाला, भूगोलाचा नाही.

तोंडी इतिहास हे या संशोधनाचे मोठे साधन आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून 2004 मध्ये जे पुस्तक सिद्ध केले, ते याचा नमुना आहे. कोकणातल्या गावकरी मंडळांच्या खोल्या, घाटावरच्या कामगारांच्या खानावळी, चाळीतली गॅलरी, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप, हे सगळे त्या काळच्या माणसांच्या तोंडून आले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिल्यावर या आठवणीच त्या जागेचा नकाशा उरल्या आहेत. असे काम करताना जबाबदारीही येते. बोलणाऱ्याची संमती घ्यावी, नाव गाळायचे असल्यास गाळावे, पवित्र स्थळाचा किंवा दुर्मिळ वनस्पतीचा नेमका पत्ता छापण्याआधी गावाला विचारावे, आणि लिहिलेले गावाला परत वाचून दाखवावे. इंग्रजीत लिहिलेला प्रबंध गावापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याचे मराठी रूप निघायलाच हवे.

युनेस्कोने 1992 मध्ये सांस्कृतिक भूदृश्य ही वारशाची वेगळी वर्गवारी मान्य केली. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत आहे. आता या किल्ल्यांची देखभाल, मार्गदर्शन आणि अभ्यास यांसाठी माणसे लागतील. तटबंदीबरोबरच पायथ्याची मेटे (पहाऱ्याच्या चौक्या), पाण्याची टाकी, घेऱ्यातली गावे आणि तिथल्या कोळी, धनगर, महार, रामोशी घराण्यांचा गडाशी असलेला संबंध सांगू शकतील अशी माणसे महाविद्यालयांतूनच तयार व्हावी लागतील.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाच्या उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. भूगोलाच्या प्राध्यापकांनी हे श्रेयांक छापील अहवालांवर वाया घालवू नयेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातला एक बाजार, एक पाणवठा, एक यात्रा आणि एक बोली निवडावी, दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून तिथली नोंद घ्यावी आणि ती ग्रंथालयात सर्वांसाठी खुली ठेवावी.